टेनिस कोचला दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा शिकायला लावावं का?

कोथरूडचा लेफ्टी (धागाकर्ता)

मंडळी, विषय थोडा वादाचा आहे पण लिहितोच. आमच्या सोसायटीच्या कोर्टसाठी नुकताच नवीन कोच निवडला, कमिटीत मीही होतो. तिघं आले होते. फी किती घेणार, बॅच किती, बॉल कोण आणणार, पावसाळ्यात काय, हे सगळं विचारून झालं. मी म्हटलं शेवटचं नवीन काय शिकलात आणि कधी, तर बाकीची कमिटी माझ्याकडेच बघायला लागली. एकानं फाइल उघडून सर्टिफिकेट दाखवलं, लॅमिनेट केलेलं, २००९ चं. त्यानंतर काय? तर म्हणे, "त्यानंतर अनुभव आहे ना सर."

अनुभव आहे, मान्य. पण २००९ नंतर लहान मुलांचं टेनिस कुठल्या कुठे गेलंय. २०१२ पासून आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) नियमाप्रमाणे १० वर्षांखालच्या स्पर्धेत नेहमीचा पिवळा बॉल चालतच नाही. लाल, नारिंगी, हिरवा असे टप्पे आहेत, लाल बॉल नेहमीच्यापेक्षा ७५ टक्के संथ, त्याला कोर्टही साधारण ११ मीटरचं, नारिंगीला १८ मीटरचं, मग हिरव्याला पूर्ण कोर्ट. आणि आमच्या भागातल्या कोर्टांवर बघावं तर सात वर्षांचं पोर, हातात बाबांनी "पुढे पण चालेल" म्हणून घेतलेली २६ इंची रॅकेट, पूर्ण कोर्ट, पिवळा बॉल. तो बॉल टप्पा पडून पोराच्या डोक्यावरून जातो. मग पोर काय करतं, तळवा ग्रिपच्या खाली सरकवतं, कारण खांद्याच्या वरचा बॉल मारायचा तर तसाच मारता येतो. अशी ती वेस्टर्न ग्रिप पक्की बसते. दोन वर्षांनी तोच कोच सांगतो की ग्रिप बदलावी लागेल, पर्सनल कोचिंग लावा. वा!

माझं म्हणणं एवढंच की क्लब किंवा सोसायटी कोर्ट देते तेव्हा अट घालावी. दर तीन वर्षांनी काहीतरी नवीन शिकल्याचा पुरावा द्या, नाहीतर कोर्ट दुसऱ्याला. ब्रिटनमध्ये तिथल्या टेनिस संघटनेची, म्हणजे एलटीएची मान्यता टिकवायची तर पार्श्वभूमीची तपासणी, मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण, प्रथमोपचार हे सगळं ठरावीक काळानं नव्यानं करावं लागतं. एकदा पास झालं की जन्मभर कोच, असं तिथे नाही.

डबल फॉल्ट

मग तिघांतला घेतलात कोणाला?

कोथरूडचा लेफ्टी

२००९ वाल्याला. फी सगळ्यात कमी होती. मी विरोधात मत दिलं होतं हे नमूद करतो.

डबल फॉल्ट

😂 झालं की मग. शिकलेल्या कोचला जास्त पैसे द्यायची तयारी नाही आणि त्यानं शिकत मात्र राहायचं, तेही स्वतःच्या खर्चानं. हे म्हणजे भाजीवाल्याकडे ऑरगॅनिक मागून वर कोथिंबीर फुकट मागण्यासारखं झालं.

जुना मार्कर

नमस्कार. मी लिहीत नाही कधी, मुलीनं हा धागा दाखवला म्हणून लिहितोय, चुकलंमाकलं समजून घ्या.

मी क्लबात बॉल बॉय म्हणून लागलो, मग मार्कर झालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्कर म्हणजे मेंबरला पार्टनर नसला की त्याच्याशी खेळणारा क्लबचा माणूस. पहाटे क्ले कोर्टला पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, लाइनी झाडायच्या, मग सहा वाजता मेंबर आले की त्यांच्या बॅकहँडला बॉल द्यायचे. पुण्यात माझ्यासारखे बरेच कोच असेच वर आलेत. आता लेफ्टी साहेब म्हणतात पुरावा दाखवा. कोर्स म्हणजे नुसती फी नसते हो. तेवढे दिवस बॅच बंद. बॅच बंद म्हणजे त्या महिन्याचे पैसे पालक कापणार, आणि त्यातले दोनचार शेजारच्या कोर्टवर जाऊन बघणार आणि तिथेच राहणार. शिवाय पुस्तकं इंग्रजीत, लेक्चर इंग्रजीत. कोर्टवर परीक्षा घ्या, कोणाच्याही बरोबरीनं देईन. कागदावर "बायोमेकॅनिक्स" लिहायला सांगितलं की संपलं.

पण मी शिकत नाही असं कोणी म्हणू नये. बालेवाडीला २०१८ ते २०२३ एटीपीची (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा व्हायची (२०२१ ला झाली नाही), तेव्हा मॅच सोडून मी प्रॅक्टिस कोर्टच्या जाळीला उभा असायचो. तिथे काय दिसलं सांगतो. जगातले शंभरात असलेले खेळाडू सुरुवातीला सर्व्हिस बॉक्समध्ये उभं राहून हळूहळू बॉल टोलवत होते, पाय मात्र सारखे चालू. समोरच्याची रॅकेट बॉलला लागायच्या आत छोटी उडी, प्रत्येक बॉलला, कंटाळा न करता. मी आलो आणि माझ्या बॅचला सुरुवातीला तेच सुरू केलं. चौथ्या दिवशी एक वडील येऊन म्हणाले, "सर, टाइमपास किती वेळ चालणार?"

नेटच्या वर हातभर अंतरावर मी दोरी बांधतो, मुलांनी दोरीच्या वरून मारायचं. कोणत्या कोर्सला शिकलो नाही. नेटमध्ये बॉल जायचे थांबले. याचा पुरावा कोणत्या फाइलमध्ये लावू?

पेठेतला काका

आमच्या वेळी लाकडी रॅकेट आणि समोर भिंत, एवढंच. कोचला कोच लागतो हे पहिल्यांदाच ऐकतोय.

डबल फॉल्ट

काका, तुमची सेकंड सर्व्ह बघितलीये आम्ही. राहू द्या.

ऑर्थोवाली

मी डॉक्टर आहे, सक्तीच्या शिक्षणाचा अनुभव आम्हाला भरपूर. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते परिषदा-व्याख्यानांना हजर राहून मिळतात. हेतू उत्तमच आहे. आणि प्रत्यक्षात काही ठिकाणी काय चालतं तेही सांगते, सकाळी सही, बॅग घ्या, जेवणापर्यंत थांबा, दुपारच्या सेशनला हॉल अर्धा रिकामा. ज्याला शिकायचं असतं तो पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेतो आणि तो क्रेडिट नसते तरी आला असता. त्यामुळे लेफ्टी, तुमच्या अटीनं फायली जाड होतील, कोच बदलतील याची मला खात्री नाही.

पण मार्करदादा, तुमच्याही बाजूनं पूर्ण नाही मी. तेरा-चौदा वर्षांची टेनिस खेळणारी मुलं माझ्याकडे कंबर धरून येतात. उंची झपाट्यानं वाढत असते, हाड अजून पक्कं नाही, आणि नेमकं त्याच काळात किक सर्व्ह (टप्पा पडून उंच उसळणारी) शिकवायला घेतात. किक सर्व्हला पाठ मागे वाकते, त्यात वळते, आणि हे रोज बास्केटभर बॉल. मणक्याच्या मागच्या बाजूच्या हाडाला बारीक चीर पडू शकते, स्ट्रेस फ्रॅक्चर. ओळखायची खूण कठीण नाही, मागे वाकलं की दुखतं, विश्रांती घेतली की कमी, खेळलं की पुन्हा. अशा मुलाला सर्व्ह बंद करून तपासायला पाठवायचं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला कोचनं तेल लावायला आणि पोटाचे व्यायाम करायला सांगून खेळवत ठेवलं होतं. त्याला टेनिस येत नव्हतं असं नाही, उलट छान खेळाडू होता. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि हे जाळीला उभं राहून दिसत नाही दादा, ते कोणीतरी सांगावंच लागतं. दोन तास पुरतात त्याला.

कोथरूडचा लेफ्टी

डॉक्टर, मग तुम्ही माझंच म्हणणं सांगताय.

ऑर्थोवाली

नाही. तुम्ही पुरावा मागताय, मी दोन तास मागतेय.

बाणेरची आई

फोरहँड-बॅकहँडचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही. पण काही गोष्टी ऐच्छिक कशा असू शकतात? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मी कोचना विचारलं की प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालंय का, मेच्या उन्हात एखादं मूल चक्कर येऊन पडलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करणार, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का. तर त्यांना राग आला. म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं शिकवतोय, असं कोणी विचारलं नाही." कोणी विचारलं नाही हाच तर प्रॉब्लेम आहे. पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) २०१२ चा आहे, मुलाबाबत काही घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे किती कोचना माहीत असेल? ग्रिप दाखवताना मुलाचा हात धरायचा तर आधी विचारायचं, एकट्या मुलाला गाडीतून सोडायचं नाही, आईवडिलांना टाळून मुलाला मेसेज करायचा नाही, हे कोणी शिकवलंय त्यांना? हे लिहिलेलं आणि दर काही वर्षांनी उजळणी केलेलं असावं. यात अनुभवाचा काय संबंध?

जुना मार्कर

ताई, तुमचं पटलं. मला राग नाही आला. पण हे क्लबनं शिकवावं. व्हेरिफिकेशनचे कागद क्लबनं मागावेत. आमच्या क्लबात वॉचमनचं व्हेरिफिकेशन झालंय, माझं कोणी मागितलं नाही.

क्लब कमिटी माजी

वाचून गप्प बसणार होतो पण आता पैशाचं कोणीतरी बोलायला हवं. मी एका क्लबच्या कमिटीत होतो, नाव घेत नाही. कोचिंगच्या फीमधला ठरावीक हिस्सा क्लब कापून घेतो, कोर्टभाडं म्हणा, रॉयल्टी म्हणा. त्या पैशातून पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसले, लॉनवर लाइट लागले. कोचच्या शिक्षणावर एक रुपया खर्च केल्याचं मला तरी आठवत नाही. आणि अट मात्र कोचवर! जो हिस्सा घेतो त्यानं खर्च करावा, मग अट घालावी, माझं साधं मत.

आता सोयीचं बघा. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा वर्षभराचा, बॅच चालवणारा माणूस वर्षभर जाऊच शकत नाही. आयटीएफच्या पद्धतीचे कोर्स टप्प्याटप्प्यानं असतात, ते काही दिवसांत होतात, आयटीएफ अकॅडमीवर काही गोष्टी ऑनलाइन फुकट आहेत. आणि पुण्यात क्ले कोर्ट जूनपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ बंदच. तेवढ्यात करा की.

डबल फॉल्ट

माजी साहेब, पावसाळ्यात कोचकडे वेळ असतो कारण बॅच नसते, आणि बॅच नसते म्हणून पैसेही नसतात. उन्हाळी कॅम्पमध्ये कमावलेलं त्या चार महिन्यांत घरात जातं. जून म्हणजे पोरांच्या शाळेची फी.

क्लब कमिटी माजी

म्हणूनच म्हणतोय क्लबनं भरावी.

डबल फॉल्ट

क्लबनं भरली आणि तो शिकून हिंजवडीच्या अकॅडमीत दीडपट पगारावर गेला, मग? पुढची कमिटी म्हणेल बघा, म्हणून आम्ही भरत नव्हतो.

क्लब कमिटी माजी

जाऊ दे गेला तर. पुण्यातच राहील ना, इथलीच पोरं शिकवेल. क्लबला एवढं मोठं मन नाही हे मला माहीत आहे, तुम्ही सांगायची गरज नाही.

कोथरूडचा लेफ्टी

एक मुद्दा राहिला. नियमसुद्धा बदलत असतात. १ जानेवारी २०२५ पासून आयटीएफच्या नियमांत मॅच चालू असताना कोर्टबाहेरून कोचिंग करायला परवानगी आली, कोणत्या स्पर्धेत चालेल ते आयोजक संघटनेनं ठरवायचं. म्हणजे आता दोन पॉइंटच्या मधे पंधरा-वीस सेकंदांत अकरा वर्षांच्या पोराला काय सांगायचं हेही कोचला शिकावं लागणार. "फोकस बेटा फोकस" सोडून दुसरं काहीतरी.

बाणेरची आई

ते "फोकस बेटा" कोच ओरडत नाहीत, बाबा ओरडतात. त्यांचा पण कोर्स ठेवा.

जुना मार्कर

मी दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो. एक, मला शिकवायचं तर वर्गात बसवू नका. कोणी जाणकार माणूस माझ्या कोर्टवर येऊ दे, संध्याकाळची बॅच तासभर बघू दे आणि नंतर बाजूला घेऊन मराठीत सांगू दे की हे चुकतंय, हे असं कर. पालकांसमोर नको, त्यांच्यासमोर सांगितलं तर दुसऱ्या दिवशी फी कमी करायला येतात. दोन, लाल आणि नारिंगी बॉल क्लबनं आणून द्यावेत. मी स्वतः आणले होते, मेंबर म्हणाले हे खेळण्यातले बॉल कशाला, आमची मुलं काय बाळं आहेत का.

पण लेफ्टी साहेब, तीन वर्षांची अट घातलीत तर पहिला मी बाहेर जाईन, आणि माझ्या जागी जो फाडफाड इंग्रजी बोलणारा येईल त्याच्याकडे सगळे कागद असतील. तो दोरी बांधेल का माहीत नाही.

कोथरूडचा लेफ्टी

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी अट मागे घेणार नाही. सगळे कोच तुमच्यासारखे नसतात. जाळीला उभं राहून शिकणारा एखादाच, बाकीचे खुर्चीत बसून मोबाइल बघत बास्केट रिकामी करतात, आणि पालकाला कोर्टबाहेरून फरक कळत नाही. त्याला हातात धरायला काहीतरी लागणार ना? खर्च क्लबनं करावा हे मान्य, परीक्षा मराठीत आणि कोर्टवर हेही मान्य. पण कधीतरी कोणीतरी विचारणार आहे हे कोचला माहीत असलंच पाहिजे.

ऑर्थोवाली

तुमचं चालू द्या. पावसाळ्यात एखाद्या रविवारी मी कंबर, खांदा आणि टेनिस एल्बो एवढ्यावर दोन तास बोलायला तयार आहे. मराठीत. फी नाही, सर्टिफिकेट नाही.

डबल फॉल्ट

सर्टिफिकेट नाही तर येणार कोण?

जुना मार्कर

मी येतो. दहाच्या आत ठेवू नका, कोरडं असलं तर बॅच असते.

कोथरूडचा लेफ्टी

डॉक्टर, उत्तमच. फक्त कोण कोण आलं त्याची नोंद ठेवा.

ऑर्थोवाली

नोंद ठेवली की पुढच्या वर्षी तुम्ही तिची अट करणार. नाही ठेवणार.