सायकलवरचे वॅट आणि पायांची ताकद

व्यायामाच्या सायकलवर ३० सेकंद जीव खाऊन पेडल मारलं, वॅटचा आकडा आला, आता पायांची ताकद कळली का, असा प्रश्न पडतो. अर्धीच कळली.

ही विंगेट चाचणी, १९७० च्या दशकात इस्राएलमधल्या विंगेट इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली. शरीराच्या वजनाच्या ७.५ टक्के भार चाकाला ब्रेकसारखा लावतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५.२५ किलो. मोनार्क या चाचणीच्या जागेवरच्या सायकलवर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाची कड ६ मीटर फिरते. मिनिटाला १२० फेरे पडले तर सेकंदाला १२ मीटर, मग भार × गुरुत्वाकर्षण × वेग, म्हणजे ५.२५ × ९.८१ × १२, साधारण ६१८ वॅट. (शेवटचे दहा सेकंद कसे जातात ते विचारू नका, काहींना उलटी होते.)

पण तेवढेच वॅट जास्त भार आणि कमी फेऱ्यांतूनही निघतात. पायात जोर आहे की चपळाई, हे एका भारावर कसं कळणार? त्यासाठी पाच-सहा सेकंदांच्या छोट्या स्प्रिंट घ्यायच्या, भार दरवेळी बदलून, मध्ये भरपूर विश्रांती. भार वाढेल तसे फेरे जवळजवळ सरळ रेषेत उतरतात. रेषेचं एक टोक जोर, दुसरं वेग, आणि सर्वाधिक पॉवर, म्हणजे वॅट, साधारण मधोमध. मला तरी विंगेटपेक्षा हीच पद्धत जास्त कामाची वाटते.

सीटची उंची दरवेळी तीच ठेवा, ढुंगण उचलू नका. जिममधल्या सायकलचे वॅट पुष्कळदा नुसते अंदाजाचे असतात, तेव्हा तुलना त्याच सायकलवरच्या आधीच्या आकड्यांशीच करा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.