हळदीतील कर्क्युमिन आणि मोठ्या आतड्याचा दाह

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला दाह होऊन व्रण पडणाऱ्या दीर्घकालीन आजारात, रोज हळदीचे दूध घेतले तर गोळ्यांची गरज उरत नाही, असे म्हटले जाते; त्याबद्दल थोडा खुलासा करणे मला आवश्यक वाटते. हळदीतील कर्क्युमिन हे पॉलिफेनॉल (वनस्पतींत आढळणारे एक प्रकारचे रसायन) पेशींमधील एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला आवर घालते आणि त्यामुळे दाह वाढवणाऱ्या टीएनएफ-अल्फासारख्या द्रव्यांची निर्मिती मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसते. कर्क्युमिन रक्तात फारसे शोषले जात नाही. एरवी हा दोष मानला जातो, पण येथे तोच उपयोगी पडू शकतो, कारण न शोषलेला भाग पुढे सरकत मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो.

प्रश्न मात्रेचा आहे. जपानमधील २००६ सालच्या चाचणीत, आजार आटोक्यात असलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन सहा महिने दिले, तेव्हा ४३ पैकी २ जणांचा आजार उलटला; औषधांसोबत प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) घेणाऱ्या ३९ पैकी ८ जणांचा उलटला. याउलट दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तर प्लासिबोपेक्षा अधिक गुण आला नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते, म्हणजे दुधात घालतो त्या अर्ध्या चमच्यातून जेमतेम ५० मिलिग्रॅम मिळणार.

शिवाय जपानमधल्या रुग्णांची औषधे चालूच होती, हे कृपया नजरेआड करू नये. मेसालामाइन (या आजारावरचे नेहमीचे दाहशामक औषध) स्वतःहून थांबवू नये. मिरीतील पिपरिन मिसळून शोषण वाढवलेल्या कॅप्सुलांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या सुरू करायच्या असतील तर आधी आपल्या पोटविकारतज्ज्ञांशी बोलावे.