वारा पडला म्हणजे नशीब नव्हे

वारा पडला की शिडाच्या होड्यांची शर्यत निव्वळ नशिबावर, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. मुलगी इंग्लंडात साउथॅम्प्टनला शिकत होती तेव्हा ऑगस्टात तिथल्या काउज गावाचा शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा आठवडा, काउज वीक, पाहिला. 1826 पासून चालत आलेल्या शर्यती या! दुपारी वारा पडला, शिडं लोंबली आणि पाण्याची ओढ होड्यांना मागे नेऊ लागली. एकीने चटकन नांगर टाकला. ती जागेवर, बाकीच्या हळूहळू तिच्या मागे. नियमात बसतं हे.

आम्हा तापीकाठच्यांना ते लगेच उमगतं. प्रकाशा गावाकडचे जुने नावाडी ओढ असली की नाव आधी काठाकाठाने वर नेत, मगच पलीकडे सोडत. काठाशी ओढ कमी असते. काउजलाही मुरलेल्या होड्या किनारा धरूनच चालल्या होत्या.