मदत हवी आहे: कच्चा आहार सुरू केल्यावर लॅबची शी कधी खडूसारखी पांढरी, कधी काळी

लॅब्रडॉर, मादी, ४ वर्षं, २८ किलो, नसबंदी झालेली. पॅकेटचं कोरडं खाद्य बंद करून पूर्ण कच्च्यावर आणली आहे. रोज ७०० ग्रॅम, दोन वेळांत: कोंबडीच्या माना ५००, कोंबडीची कलेजी २००. भात, पोळी, भाजी काही नाही. भूक उत्तम, उलट्या नाहीत.

अडचणी: (१) शी कोरडी, पांढरी, कुंथावं लागतं, एखाद्या दिवशी मात्र काळपट आणि पातळ. (२) दात साफ व्हावेत म्हणून बकऱ्याची नळी द्यावी का? (३) मटणवाला फोफसा आणि कलेजी फुकट देतो. द्यावी का? मुख्य प्रश्न पहिला.

काळाघोडा

एकूण वजन बरोबर आहे, बिघाड वाटणीत आहे. नसबंदी झालेल्या, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला शरीराच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के पुरतात, म्हणजे २८ किलोला ५६० ते ७०० ग्रॅम. पण माना म्हणजे मांस नव्हे. कातडी काढलेल्या मानेत साधारण ३६ टक्के हाड असतं, पंखात ४६ आणि पायांत तर ६० च्या आसपास. तुमच्या ५०० ग्रॅम मानांतून १८० ग्रॅम हाड पोटात जातंय, म्हणजे एकूण आहाराच्या २६ टक्के. हवं १० टक्के. पांढरी, भुगा होणारी शी त्याचीच. काळी-पातळ बहुधा कलेजीमुळे: ती एकूण ५ टक्के पुरते, तुमच्याकडे २९ होतेय.

७०० ग्रॅमची वाटणी अशी करा: माना १९५ ग्रॅम (त्यात सुमारे ७० ग्रॅम हाड), बिनहाडाचं मांस ४३५, कलेजी ३५, गुर्दा किंवा तिल्ली ३५. दिल आणि पेटा हे आतले अवयव असले तरी इथे मांसातच मोजायचे. खूप जण पेटा 'कलेजी-पेटा' म्हणून एकत्र तोलतात आणि हिशेब तिथेच चुकतो.

आधी दोन दिवस हाड पूर्ण बंद. उकडलेला लाल भोपळा दोन-तीन चमचे चालेल. एरंडेल अजिबात देऊ नका. कुंथूनही शी होत नाही आणि सोबत उलट्या किंवा पोट दुखतंय असं दिसलं, तर घरी थांबू नका, एक्स-रे लागतो. आणि कलेजी बंद केल्यावरही शी डांबरासारखी काळी राहिली तर ते पचलेलं रक्त असू शकतं. तेव्हा वाटणी बदलत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

सह्याद्रीकर

नळीबद्दल: नको. वजन पेलणारी जनावराची हाडं कुत्र्याच्या दातापेक्षा चिवट ठरतात. वरच्या जबड्यातली मोठी दाढ (चौथी उपदाढ) उभी चिरते, आणि चीर गरापर्यंत गेली की दाढ काढावी लागते किंवा रूट कॅनाल. साधी परीक्षा: नख दाबून हाडावर खूण उमटत नसेल तर ते तोंडात द्यायचं नाही. शिजवलेलं हाड तर कुठलंच नाही, त्याचे टोकदार तुकडे होतात. रश्श्यातलं उरलेलं हाड 'एवढंच एक' म्हणून टाकणारे घरोघरी असतात, त्यांनाही सांगून ठेवा.

तिसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. शेळ्या-मेंढ्यांच्या फोफशात आणि कलेजीत हायडॅटिडच्या, म्हणजे एका पट्टकृमीच्या, गाठी असू शकतात. कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचा पट्टकृमी वाढतो. कुत्रा ठणठणीत राहतो, शीत कृमी दिसत नाही, पण अंडी बाहेर पडतात आणि माणसाच्या यकृतात-फुप्फुसात गाठी धरतात. म्हणून फुकटची कलेजी-फोफसा तुकडे करून आतपर्यंत शिजवूनच द्या. त्यात हाड नाही, त्यामुळे शिजवायला काही हरकत नाही. वरच्या वाटणीतला गुर्दा-तिल्ली बकऱ्याचा असेल तर त्यालाही हेच. शिवाय बकऱ्याच्या कलेजीत अ जीवनसत्त्व कोंबडीच्या दुपटीहून जास्त असतं, तेव्हा फुकट मिळते म्हणून माप वाढवू नका. कच्चे अवयव कधी पोटात गेलेच असतील तर जंताच्या औषधात प्रॅझिक्वांटेल आहे ना ते डॉक्टरांना विचारा, आणि दर सहा आठवड्यांनी. नेहमीचं तीन महिन्यांचं वेळापत्रक या कृमीला अपुरं पडतं.

निशिगंध_७

वाटणी सुधारली तरी नुसत्या कोंबडीवर आहार पुरा होत नाही. जस्त, मँगनीज, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. आठवड्यात दोनदा शिजवून काटे काढलेली तारली १०० ग्रॅम (त्या दिवशी तेवढं मांस कमी), दोन-तीन अंडी, आणि बाकीसाठी डॉक्टरांकडून पूरक लिहून घ्या. कच्च्या कोंबडीचा आणखी एक धोका: मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात, मज्जातंतूंचा पक्षाघात झालेल्या कुत्र्यांत कच्ची कोंबडी खाणारे लक्षणीय जास्त आढळले, संशय कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूवर. मागचे पाय लुळे पडू लागले किंवा भुंकण्याचा आवाज बदलला तर त्याच दिवशी दाखवा. फ्रीझरने साल्मोनेलाचे जंतू मरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर मी शिजवलेल्या आहाराच्याच बाजूने.

धागाकर्ता

आभार. फोफसा बंद. ती मान न चावता अख्खी गिळते, त्यावर काय?

काळाघोडा

लहान तुकडा दिला की जास्त गिळते, उलट करा: कोंबडीचा अख्खा लेग पीस द्या. मात्र त्यात हाड ३० टक्क्यांच्या खाली असतं, तेव्हा ७० ग्रॅम हाडासाठी २४० ग्रॅमच्या आसपास लेग आणि बिनहाडाचं ३९०. तुकडा हातात धरून ठेवलात तर चावावंच लागतं, पण अन्नाची राखण करणाऱ्या कुत्रीसोबत हा प्रयोग नको. अर्धवट गोठलेला दिला तरी वेग कमी होतो.

तरीही गिळत असेल तर हाडाचा हट्ट सोडा. बिनहाडाच्या दर ४५० ग्रॅम मांसाला अंड्याच्या कवचाची पूड अर्धा छोटा चमचा. कवचं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करायची, कचकच लागता कामा नये. हे माप वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचं आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही आणि हाडं वाकडी वाढतात, त्यामुळे कोणी पिल्लासाठी हा धागा वाचत असेल तर वरचा एकही आकडा उचलू नका.