मदत हवी आहे: के. विश्वनाथ यांचे कोणते चार सिनेमे दाखवू?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये फेब्रुवारीत चार संध्याकाळी तेलुगू दिग्दर्शक के. विश्वनाथ यांचे सिनेमे दाखवायचे ठरवलंय. पहिला २ तारखेला. 'शंकराभरणम' १९८० मध्ये त्याच तारखेला लागला आणि २०२३ मध्ये विश्वनाथ गेले तेही २ फेब्रुवारीलाच. (जन्मदिवस १९ फेब्रुवारी, पण शिवजयंतीला आमच्याकडे हॉल कोण देणार!)

निम्मे प्रेक्षक पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे. त्यांची चिंता नाही. उरलेल्या निम्म्यांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, विश्वनाथ म्हणजे 'सरगम'. ऋषी कपूर आणि डफली. तो त्यांनीच स्वतःच्या 'सिरिसिरिमुव्वा'वरून (१९७६) केला होता, हे मला गेल्या वर्षी कळलं. 'सूर संगम', 'ईश्वर' हेही त्यांनी आपल्याच तेलुगू सिनेमांवरून केलेले. गोष्ट तीच, दिग्दर्शक तोच, तरी हिंदीत ते पाणी उतरत नाही असं माझं मत. कुणाला पटत नसेल तर भांडा, पण आधी मदत करा.

अडचण गाण्यांची आहे. विश्वनाथ मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत ध्वनिमुद्रण विभागातून आले, दिग्दर्शक झाले १९६५ मध्ये. म्हणूनच की काय, त्यांची पटकथा बऱ्याचदा कानाने पुढे सरकते. 'शंकराभरणम'मध्ये शारदा वडिलांसमोर गायला बसलीय, मन भलतीकडे, तिचा सूर भरकटतो आणि वडील, म्हणजे शास्त्री, कडाडतात, "शारदा!" प्रेमात पडल्याची कबुली संवादात नाही, चुकलेल्या सुरात आहे. मागच्या वेळी आम्ही आणलेल्या प्रतीत सबटायटल कसली होती? गाणं सुरू झालं की पडद्यावर नुसतं 'संगीत' एवढंच. शेजारच्या काकू अंधारात अर्थ सांगत होत्या, मागच्या रांगेतून शुक् शुक् चाललेलं.

तर, गीतकार वेटूरींच्या गाण्यांचा ओळीओळीने मराठी अर्थ लिहून देणारं कुणी आहे का? त्यागराजांच्या कृती आणि सदाशिव ब्रह्मेंद्रांच्या संस्कृत रचनांचे अर्थ मी जमवतो, मला वेटूरींच्या तेलुगूचंच अडतंय. छापून खुर्च्यांवर ठेवू, नाव टाकू, चहा आमच्याकडून.

दुसरं, क्रम. 'शंकराभरणम' आणि 'सागरसंगमम' (१९८३) नक्की. 'सागरसंगमम'मधलं ते निमंत्रणपत्रिकेचं दृश्य: नर्तक बालू दिल्लीच्या नृत्यमहोत्सवाची पत्रिका चाळतोय, मोठमोठ्या कलावंतांचे फोटो बघून हरखतोय, आणि पान उलटतो तर त्याचाच फोटो. कमल हसनचा चेहरा त्या क्षणी बघाच. तिसरा 'स्वातिमुत्यम' की 'स्वर्णकमलम'? पहिला ऑस्करसाठी भारतातर्फे गेला होता म्हणून समितीला तो हवाय. माझा जीव दुसऱ्यात. बापाच्या कुचिपुडीला कंटाळलेली, नाच नको म्हणणारी भानुप्रिया त्यात आहे.

चौथा मला १९७६ च्या आधीचा हवाय. 'चेल्लेली कापुरम', 'शारदा', 'ओ सीता कथा' यांपैकी कुणी नीट पाहिलाय का? 'शंकराभरणम'चे संवाद जंध्यालांचे, तसे या जुन्या सिनेमांचे संवाद कुणाचे, तेही श्रेयनामावलीत बघून सांगितलंत तर पत्रकात बरोबर छापता येईल.

पत्रक छापायला पंधरा दिवस आहेत.