मुंबईतले लोंढे आणि पर्यावरण: खापर कोणाच्या माथी?

पवईकर:
स्पष्टच लिहितो. मुंबईत आता माणसं मावत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. मिठी नदी तुंबली ती काठावरच्या झोपड्या, भंगाराची गोदामं आणि कचऱ्यामुळे. लोंढे थांबल्याशिवाय ‘नदी वाचवा’ वगैरे गप्पा फुकट आहेत. मला कुणाच्या भाषेशी घेणंदेणं नाही, आकड्याशी आहे.

गिरणगाव_३:
झोपड्या तेवढ्या डोळ्यांवर येतात. मिठीवर विमानतळाची धावपट्टी कुणी आणली? दलदलीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) कुणी उभारलं? गोरखपूरहून आलेल्या हमालाने? आणि आकडाच हवा तर २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली आहे. बाकी माझे आजोबाही रत्नागिरीहून गिरणीत आले ते लोंढ्यातूनच.

पवईकर:
घटली म्हणजे माणसं हवेत विरली का? त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. ठाण्याजवळच्या दिवा भागात जाऊन खारफुटीत घुसलेल्या चाळी बघून या.

शहापूरवाला:
तुमच्या भांडणात आमचं पाणी राहिलं. मुंबईला पाणी देणारं तानसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात, भातसाही आमच्याच तालुक्यात, आणि उन्हाळा लागला की आमच्या पाड्यांवर टँकर! बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. जलवाहिनी मात्र गावाशेजारून मुंबईला जाते. त्यातही पालिकेचं जुनं माप काय, तर झोपडीत माणशी रोज ४५ लिटर, इमारतीत १३५. मग ओझं नक्की कोणाचं? आता वाडा तालुक्यात गारगाई धरण येणार म्हणतात, रोज ४४ कोटी लिटरसाठी. त्यात गावं जाणार, तानसा अभयारण्यातलं जंगलही जाणार. डोकी मोजताय तर टॉवरमधले तरणतलावही मोजा की.

पवईकर:
मोजा ना. पण झोपडीचे ४५ चे १३५ केलेत तर पाणी जास्तच लागणार, म्हणजे गारगाई आणखी लवकर. हा तिढा सोयीस्कर टाळताय तुम्ही.

गिरणगाव_३:
म्हणजे गरिबाने ४५ वरच राहायचं, जंगल वाचावं म्हणून? वा!

शहापूरवाला:
तिढा टाळत नाही. आधी गळती आणि पाणीचोरी बंद करा. बागांना, बांधकामांना, गाड्या धुवायला शुद्ध केलेलं सांडपाणी वापरा. मग धरणाचं बोलू. आणि तोवर आमच्या पाड्याला त्या जलवाहिनीतून एक नळ काढून द्या.