खरी गोम धारण तलावात आहे
गटारं साफ करूनही नवी मुंबईतल्या वाशी-बेलापुरात पाणी का तुंबतं? नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने (स्थापना १९७०) खाडीकाठची बरीच सखल जमीन भराव घालून वसवली, म्हणून डच धर्तीवर धारण तलाव, म्हणजे पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे तलाव, ठेवले. भरतीत खाडीकडची झडप पाण्याच्या दाबानेच मिटते, पाऊस तलावात साठतो. ओहोटीला झडप उघडून निचरा होतो. झडपेला ना मोटर, ना वीज. फारच देखणी युक्ती! पण फटीत एखादी फळी अडकली की खाडीचं पाणी गाळासकट आत. गाळावर खारफुटी फोफावते, ती उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून उपसाही रखडतो. उथळ तलाव, ४.५ मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी उलटं गटारातून रस्त्यावर येतं.